पाड्यावरच्या सोलर विजेचा दर ठरवताना या चुका टाळा

"ऊन फुकट, मग विजेचे पैसे कसले?" मायक्रोग्रिडच्या, म्हणजे पाड्यापुरत्या छोट्या वीजजाळ्याच्या, पहिल्याच बैठकीत हा प्रश्न येतो. मग सगळ्यांचं मन राखायला घरटी महिना १०० रुपये ठरून जातात आणि घोळ सुरू होतो.

हिशोब मांडून बघा. १० किलोवॉटची पॅनेलं आपल्याकडे दिवसाला साधारण ४० युनिट देतात. बॅटरी-इन्व्हर्टरमधली घट जाऊन ३० उरतात, म्हणजे वर्षाला जेमतेम ११ हजार. समजा लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच ४ लाखांचा आहे आणि ५ वर्षं टिकला. वर्षाचे ८० हजार झाले, म्हणजे युनिटमागे सात रुपये नुसत्या बॅटरीचे! देखरेखीच्या पोराला महिना ३ हजार दिले की वर्षाला लागले १ लाख १६ हजार. ४० घरांचे शंभर-शंभर धरून जमतात ४८ हजार. पॅनेलं देणगीत मिळाली असली तरी ही तूट राहतेच. आणि जमलेला बॅटरीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा; एकाच खात्यात असला की जत्रेच्या मांडवाला हमखास जातो.

सरसकट दर नकोच. दोन दिवेवाला फ्रिजवाल्याचं बिल का भरेल? जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली प्रकल्प उभा राहिला तेव्हा घरोघरी मीटर बसले. मात्र थोडा स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी द्यायची रक्कम, ठेवा, कारण माणसं वीटभट्टीवर गेली म्हणून बॅटरीचं म्हातारपण थांबत नाही.

दुपारी बॅटरी भरली की पुढचं ऊन वायाच जातं. पिठाच्या गिरणीला तेव्हा कमी दरात वीज द्या. गिरणी संध्याकाळी चालली तर तोच भार बॅटरीवर पडतो.

गावात सरकारी लाइन कधी येणार, हे आधी विचारा. बिहारमधल्या धरनईत २०१४ साली १०० किलोवॉटचा मायक्रोग्रिड झाला. लवकरच स्वस्त सरकारी वीज आली आणि लोक तिकडे वळले. उद्या सरकारी लाइनला जोडता येईल असा इन्व्हर्टर आजच घेतलेला बरा.

रात्री नऊलाच दिवे जात असतील तर "पॅनेलं वाढवा" म्हणून वर्गणी काढू नका. आधी पॅनेलं पुसा, बॅटरीच्या टर्मिनलवरचा हिरवट थर काढा, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आहे का बघा आणि कोणाकडे चोरून हीटर चालतो का तेही.