कोणतंही चालेल, कोणतंही नको : इंग्रजीतल्या या चुका टाळा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी 19 वर्षं संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी घेतो. पोट्टे बदलले, चुका त्याच राहिल्या. हे हवं, ते नको, दोन्ही चालतील, एवढंच सांगायचं असतं आणि नेमके तिथेच सगळे घसरतात.

पहिला मान ‘ईदर’ आणि ‘नीदर’चा. दोन वर्षांमागची गोष्ट. माझ्याकडचा एक बीकॉम झालेला पोट्टा मुलाखतीत पास झाला. कंपनीने ईमेलवर विचारलं, नागपूर की अमरावती, कुठे रुजू व्हाल? आम्हाला दोन्हीकडे एसटी आहे, त्याला काहीही चाललं असतं. त्याने लिहिलं, ‘आय कॅन जॉइन नीदर नागपूर नॉर अमरावती.’ म्हणजे दोन्हीकडे येऊ शकत नाही! आठ दिवस वाट पाहून माझ्याकडे आला. “सर, मी तं कुठंबी चालन असंच लिवलं होतं जी. काहून बुलावलं नसन?” मोबाइलवरचं ते वाक्य वाचून मी कपाळावर हात मारला. ‘ईदर नागपूर ऑर अमरावती’ एवढं पुरे होतं. ‘नीदर’ जरा भारी वाटला म्हणून घातला, हे त्यानेच कबूल केलं. तोवर जागा भरली होती.

सगळा दोष त्याचा नाही म्हणा. आपलं ‘कोणतंही’ दोन्हीकडे राबतं: ‘कोणतंही चालेल’ आणि ‘कोणतंही नको’. नकार असतो तो पुढच्या शब्दात. ‘नीदर’ मात्र नकार पोटात घेऊनच येतो. म्हणून ‘आय डोन्ट वॉन्ट नीदर’ही चूक, ‘डोन्ट’ आधीच आला, तर पुढे ‘ईदर’च. माझी सवय सांगतो. ‘नीदर-नॉर’ लिहिण्याआधी मी मनात ‘ना-ना’ म्हणून बघतो. ‘ना पऱ्हाटी पिकली ना तूर.’ इथे आपण ‘पिकली’च म्हणतो, पुन्हा ‘नाही’ लावत नाही. वाक्य असं बसलं तर ‘नीदर’, नाही तर नको. आणि ‘ईदर ऑफ’, ‘नीदर ऑफ’ हे दोघांपुरतंच. सोयाबीन धरून तीन झाले की ‘एनी ऑफ’, ‘नन ऑफ’.

दुसरं दुखणं ‘प्रिफर’चं. मनात ‘पेक्षा’ आलं की हात आपोआप ‘दॅन’ लिहितो: ‘आय प्रिफर टी दॅन कॉफी’. ‘प्रिफर’ला इथे ‘टू’ लागतो, ‘टी टू कॉफी’. ‘दॅन’चा फारच सोस असेल तर ‘वुड रादर’ घ्या: ‘आय वुड रादर वॉक दॅन वेट’. त्यात ‘रादर’नंतर ‘टू’ घालू नका. सांगायला दोन मिनिटं, अंगवळणी पडायला दोन महिने. पण पोट्ट्यांना 30 दिवसांत फाडफाड इंग्रजी पाहिजे! मी रोज पाच वाक्यं लिहायला लावतो, भाकर की पोळी, ठेचा की चटणी, वावरात जाऊ की घरी राहू. कंटाळवाणं आहे, मान्य. ज्याला फार कंटाळा येतो तो पोळ्यानंतर शिकवणीत दिसत नाही.

‘व्हेदर’ दोन आहेत. ‘डब्ल्यू’नंतर ‘एच’ असलेला ‘की नाही’वाला, ‘ई-ए’वाला हवामानाचा. दोन्ही खरे शब्द, त्यामुळे मोबाइल चूक दाखवेलच याचा भरवसा नाही. ‘इफ’ने बऱ्याच ठिकाणी भागतं, पण ‘टू’च्या आधी ‘व्हेदर’च: ‘व्हेदर टू सो ऑर टू वेट’. मृग लागला की गावात हाच प्रश्न असतो, पेरावं का थांबावं, म्हणून हे वाक्य कोणी विसरत नाही.

‘चूज’मध्ये दोन ‘ओ’, भूतकाळात एकच.

‘अल्टरनेट डे’ म्हणजे एक दिवस आड. पर्याय म्हणायचा असेल तर ‘अल्टरनेटिव्ह’ लिहा.

कोणी ‘आय डोन्ट लाइक कारलं’ म्हटलं आणि तुम्हालाही ते आवडत नसेल, तर ‘मी टू’ नाही, ‘मी नीदर’.

राहता राहिलं ‘ईदर’ की ‘आयदर’. यावरून पोट्टे हातघाईवर येतात. दोन्ही उच्चार बरोबर आहेत. मी ‘आयदर’ म्हणतो, कारण आमचे मास्तर तसं म्हणायचे.