आभासी संग्रहालयाची तयारी: आधी नाव, मग फोटो

आफ्रिकेतून जगभर विखुरलेल्या लोकांच्या आजच्या कलेचं आभासी संग्रहालय उभं करायचं असेल, तर वेबसाइट कशी दिसेल हा विषय शेवटासाठी ठेवा. आधी एक वही घ्या आणि कलाकारांची नावं लिहायला बसा. पूर्ण नाव, ते स्वतः उच्चारतात तसं, गाव आणि कामाचं वर्ष. यांतल्या अनेकांच्या पूर्वजांना गुलाम करून जहाजांतून नेलं तेव्हा आधी त्यांची नावंच पुसली गेली. झांझिबारमध्ये जन्मलेल्या, ब्रिटनमध्ये वाढलेल्या चित्रकार लुबैना हिमिद यांनी २००४ साली माणसाच्या उंचीच्या शंभर आकृत्या रंगवल्या. त्यात ढोल वाजवणारे आहेत, चपला शिवणारे आहेत, नकाशे काढणारे आहेत. सगळे युरोपातल्या श्रीमंतांच्या घरी नेलेले गुलाम. प्रत्येक जण आपलं खरं नाव सांगतो आणि मालकाने ठेवलेलंही. हे काम दालनात असो वा नसो, यादी करताना डोळ्यांसमोर असू द्या.

मग दालनात कोण असेल ते ठरवा. बहुतेकांचं लक्ष लंडन, न्यूयॉर्क, ब्राझील एवढ्यावरच थांबतं. हिंद महासागराची बाजू सोडू नका, कारण ती आपल्या दारातली आहे. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आला, निजामशाहीचा वजीर झाला, १६२६ साली वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. पण हा झाला इतिहास, आणि आपल्याला आजची कला हवी आहे. त्यासाठी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात जा. यल्लापूर, हल्याळच्या रानालगतच्या वस्त्यांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले होते आणि तिथून पळून घाटावरच्या जंगलात शिरले. घरात कोंकणी बोलतात, त्यामुळे मराठी माणसाला संवाद जड जात नाही. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात.

माझा आग्रह असा की ही कवंदी ‘लोककला’ नावाच्या वेगळ्या दालनात टाकू नका. लंडनचे नायजेरियन वंशाचे कलाकार यिंका शोनिबारे ज्या रंगीत छापील कापडावर काम करतात, ते आफ्रिकेचं म्हणून ओळखलं जातं. पण त्याचं मूळ इंडोनेशियाच्या बाटिकमध्ये, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या कापडात आहे. डच लोकांनी त्याची नक्कल यंत्रावर छापली आणि पश्चिम आफ्रिकेत विकली. त्याच धर्तीच्या कापडाची ३७ शिडं लावून शोनिबारे यांनी इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या जहाजाची प्रतिकृती बाटलीत बसवली. त्या जहाजाशेजारी कवंदी ठेवा, म्हणजे कापड कुठून कुठे गेलं हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. दोन्हीखालची पाटी मात्र एकाच आकाराची हवी.

फोटोचा दिवस सावकाश घ्या. कवंदीच्या वरच्या काठाला मागून कापडी नळी टाचून त्यात काठी घाला आणि ती सपाट टांगा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत मऊ उजेड हवा, फ्लॅश अजिबात नको. शेजारी रंगपट्टी (रंग जुळवून बघायची ठरलेल्या रंगांची पट्टी) धरून एक फोटो घ्याच. आम्ही एकदा ती विसरलो आणि गडद लाल तुकडे पडद्यावर नारिंगी दिसले. सगळं सामान बांधून पुन्हा जावं लागलं. मागची बाजूही टिपा, बहुधा तिथे जुनी साडी असते. नंतर एकच दिवा बाजूने जमिनीलगत धरा. टाक्यांच्या ओळी सावलीमुळे उठून दिसतात आणि शिवण काठापासून सुरू होऊन आत, मध्याकडे सरकत गेलेली कळते. चारही कोपरे जवळून घ्या. तिथे घडी घातलेल्या तुकड्यांची छोटी त्रिकोणी फुलं असतात. ती नसतील तर कवंदी उघडी वाटते, असं शिवणाऱ्या बायका मानतात. मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे फोटोचा तपशील न गमावणाऱ्या मोठ्या फाइलच्या प्रकारात ठेवा, वेबसाइटवर हलकी प्रत चढवा.

परवानगी कागदावर घ्या, पण आधी तो कागद कोंकणीत वाचून दाखवा. नाव छापायचं का, चेहरा दाखवायचा का, नक्षी दुसऱ्या कुणी चादरीवर छापली तर चालेल का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. दिवसभर कामाला बसवलंत त्याचे पैसे त्याच दिवशी द्या. पुढे कुणाला फोटो काढून टाकावासा वाटला तर फोन कुणाला करायचा, तेही लिहून द्या. परदेशातल्या चित्रकारांची कामं नेटवरून उचलू नका. चित्र संग्रहालयाच्या मालकीचं असलं तरी त्याचा कॉपीराइट बहुधा चित्रकाराकडेच असतो, म्हणून परवानगी दोघांकडे मागावी लागते. मुदत भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ब्रिटनमध्ये ७०.

नोंदी लिहिताना वस्तूंची नावं त्या माणसांच्या बोलीत ठेवा. आजच्या नायजेरियात असलेल्या बेनिन राज्याच्या राजवाड्यातून १८९७ साली इंग्रजांनी लुटलेल्या वस्तूंसाठी २०२२ मध्ये ‘डिजिटल बेनिन’ ही वेबसाइट सुरू झाली. सुरुवातीलाच २० देशांतल्या १३१ संस्थांकडच्या पाच हजारांवर वस्तू तिथे एकत्र आल्या आणि त्यांची तिथल्या लोकांच्या एडो भाषेतली नावंही दिली आहेत. आपल्याकडेही ‘कवंदी’ हेच शीर्षक राहू द्या, गोधडी हा शब्द वर्णनात येऊ द्या.

तंत्राचं थोडक्यात. ओमेका हे संग्रह वेबसाइटवर मांडायचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरेसं आहे. सगळ्या फाइलींच्या तीन प्रती ठेवा, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. पाच वर्षांचं होस्टिंगचं भाडं आधीच बाजूला काढा. त्रिमितीतलं फिरतं दालन मोहात पाडतं, पण साध्या फोनवर ते अनेकदा उघडतच नाही. सध्या ते राहू द्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक चित्राचं दोन ओळींत वर्णन लिहा.

उघडण्याच्या आधी आठ दिवस हातात ठेवा आणि साधा फोन घेऊन पुन्हा वस्तीवर जा. जिने कवंदी शिवली तिच्या अंगणात, तिथल्या नेटवर, तिचं पान उघडा. तिला कोपऱ्यातली फुलं मोठी करून बघू द्या. मग नाव वाचून दाखवा, आणि काना-मात्रा चुकलाय असं ती म्हणाली तर तिथेच बसून दुरुस्त करा.