नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तचाचणीविषयी
मुंबईतील प्रसूतिगृहातून घरी जाण्याची कितीही घाई असली, तरी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताची चाचणी शक्यतो जन्मानंतर 48 ते 72 तासांदरम्यान करून घ्यावी. कारण जन्मानंतर पहिल्या दिवशी टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला चालना देणारे, ती कमी पडल्यास वाढणारे संप्रेरक) स्वाभाविकपणेच वाढलेले असते आणि लवकर घेतलेल्या नमुन्यामुळे पालकांना विनाकारण धास्ती बसते. अहवालात ते जास्त आढळल्यास शिरेतील रक्तातून टीएसएच व फ्री टी4 (थायरॉईड ग्रंथीचे रक्तातील मोकळे संप्रेरक) त्वरित तपासावे. जन्मजात थायरॉईडच्या कमतरतेवर पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास मेंदूच्या वाढीचे नुकसान बहुतांशी टळते, म्हणून येथे एक दिवसही दवडू नये. अहवालावर छापलेली सामान्य मर्यादा प्रौढांची नाही ना, हेही पाहावे: जन्मतः 17 ग्रॅम प्रति डेसिलीटरच्या आसपास असलेले हिमोग्लोबिन दोन-तीन महिन्यांत 11 पर्यंत उतरणे स्वाभाविक असते.