नोकरी करताना इंजिनिअरिंग मॅनेजमेंट : सोलापुरात राहून मी निर्णय कसा घेतला

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी चार वर्षं मेंटेनन्स बघत होते. शिक्षण मेकॅनिकलचं, सोलापुरातच झालेलं. रॅपिअर लूम (यंत्रमाग) कशानं थांबलाय, हे बरेचदा मला नुसत्या आवाजावरून कळायचं. एक दिवस शेठनी विचारलं, "आणखी दोन लूम घ्यावेत, की सूत रंगवायचं दुसरं मशीन?" मी दोन्ही मशिनांची माहिती घडाघडा सांगितली. कुठलं घ्यावं ते मात्र सांगता आलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, पुढचं शिकायला हवं.

तुम्हीही अशाच एखाद्या प्रश्नापाशी अडला असाल, तर कॉलेजांची यादी काढायच्या आधी तो प्रश्न वहीत लिहा. मी तीन महिने लिहीत गेले. ऑर्डर उशिरा का जाते? सुट्या भागांचा साठा किती ठेवायचा? जुना कॉम्प्रेसर दुरुस्त करत राहायचा की बदलायचा? रात्रपाळीत बीम, म्हणजे लूमवरचा सुताचा मोठा रूळ, बदलायला जास्त वेळ का लागतो? असे सात प्रश्न झाले. त्यातले दोन आमच्या अकाउंटंट काकांनी एका दुपारी सोडवून दिले. तेवढ्यासाठी दोन वर्षांची फी भरली असती, तर फार वाईट वाटलं असतं.

इंजिनिअरिंग मॅनेजमेंट आणि एमबीए यांत नवख्यांची गल्लत होते. एमबीएच्या वर्गात कॉमर्सवाला, डॉक्टर, वकील कुणीही असतो आणि अभ्यास सगळ्यांना झेपेल असा आखलेला असतो. इंजिनिअरिंग मॅनेजमेंट शिकायला येणारा बहुतेक इंजिनिअरच असतो. ऑपरेशन्स रिसर्च (गणितानं कामाचे निर्णय घेणं), क्वालिटी, प्रोजेक्टचं नियोजन, सप्लाय चेन, इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स हे विषय आणि त्यांच्या जोडीला थोडं फायनान्स, थोडं माणसांना सांभाळणं. अमेरिकेत मिसुरीतल्या रोला इथल्या विद्यापीठानं या विषयाचा स्वतंत्र विभाग १९६७ सालीच काढला. आपल्याकडे हेच विषय इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग किंवा मॅन्युफॅक्चरिंग मॅनेजमेंट या नावांखाली सापडतात. मुंबईची नीटी ही इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची राष्ट्रीय संस्था १९६३ पासून याच कामासाठी ओळखली जायची, २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. त्यामुळे डिग्रीच्या नावावर जाऊ नका, सेमिस्टरचे विषय बघा.

आता मी केलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. फी भरण्याआधी एक विषय शिकून पाहिला. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचा ऑपरेशन्सचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. परीक्षा द्यायची असेल तर मला हजार रुपये पडले. पंचवीस टक्के गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे, पंचाहत्तर टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली आणि जानेवारीची बॅच सुरू झाली.

त्या कोर्समुळे मला लिटलचा नियम नीट समजला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. कारखान्यात अडकलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, म्हणजे एका नगाला आत लागणारे दिवस. इतकंच. मी वजनकाट्याच्या नोंदी काढल्या, ट्रॉल्या मोजल्या. सूत आणि कापड मिळून ९,७५० किलो आत होतं आणि रोज ६५० किलो बाहेर जात होतं. पंधरा दिवस. त्यातलं ३,९०० किलो सूत रंगणीच्या आधीच पडून होतं, म्हणजे सहा दिवस नुसते रांगेत. टॉवेलच्या लूमवर दोन बीम चढतात, एक पायाच्या कापडाच्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) आणि एक टॉवेलवरच्या लूपचा. दोन्हींतलं एक जरी रंगून आलं नाही, तरी लूम उभा राहतो. आमचे जॉबर मामा (लूम चालू ठेवणारे मुकादम) मला कधीपासून सांगत होते, "ओ ताई, लूम मोकळाच हाय की! सूत कुठाय?" त्यांचं म्हणणं मला आकड्यांत मांडता येत नव्हतं, तेवढंच कमी होतं. शेठना कागद दाखवला. नवे लूम घेतले असते तर रांग तशीच राहिली असती.

तुम्ही म्हणाल, मग डिग्री कशाला? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. सातातले दोन प्रश्न अकाउंटंट काकांनी सोडवले, तीन या एका कोर्सनं आणि थोड्या वाचनानं सुटले. उरलेले दोन पैशाचे आणि माणसांचे होते. मशिनात पैसे घालायचा निर्णय पाच-दहा वर्षांच्या हिशेबात कसा मांडायचा, आणि तीन पाळ्यांच्या लोकांना नवी पद्धत पटवायची कशी. तिथे कुणीतरी माझं उत्तर तपासून चूक दाखवायला हवं होतं, आणि इतर कारखान्यांतली माणसं वर्गात बरोबर हवी होती. म्हणून डिग्रीकडे वळले.

परदेशाचा हिशेब आधी केला. माझा पगार अडतीस हजार. तिथल्या कोर्ससाठी सोळा महिने नोकरी सोडली तर सहा लाख आठ हजार रुपये हातात येणार नाहीत. फी आणि राहण्याचा खर्च त्यावर वेगळा. बहुतेक जण हा न मिळणारा पगार धरतच नाहीत. अमेरिकेत कोर्सची नोंद स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) म्हणून असेल, तर शिक्षणानंतर बारा अधिक चोवीस महिने काम करता येतं, पुढचं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या निवडीवर. जाणाऱ्यांनी आपल्या कोर्सची नोंद स्टेममध्ये आहे का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. माझे प्रश्न सोलापूरच्या कारखान्यातले होते आणि आई-बाबा इथेच, म्हणून मी तो रस्ता सोडला. ज्यांना त्या देशात काम करायचंच आहे, त्यांचा निर्णय वेगळा असेल आणि तो बरोबरही असेल.

गेट ही प्रवेश परीक्षा देऊन पूर्णवेळ एमटेक केलं तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पण नोकरी सोडावी लागते. पुण्यातले शनिवार-रविवारचे वर्ग मी प्रत्यक्ष बघून आले. हुतात्मा एक्स्प्रेसनं पहाटे निघायचं, रात्री परतायचं, दिवसातले आठ तास गाडीत. एकदा छान वाटलं. दोन वर्षं दर आठवड्याला जमणार नाही, हे मला कुर्डुवाडी यायच्या आतच कळलं.

उरले नोकरी करणाऱ्यांसाठीचे अभ्यासक्रम. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय पत्रव्यवहारानं दिलेल्या इंजिनिअरिंगच्या डिग्र्या सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ च्या निकालात नाकारल्या. "घरबसल्या एमटेक" अशी जाहिरात दिसली की मान्यता यूजीसी (विद्यापीठांवर देखरेख करणारा आयोग) आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची परिषद) यांच्या संकेतस्थळांवर स्वतः तपासा, एजंटच्या फोनवर विसंबू नका. मी बिट्स पिलानीचा नोकरदारांसाठीचा मॅन्युफॅक्चरिंग मॅनेजमेंटचा एमटेक निवडला. चार सेमिस्टर, आणि नोकरीत असणं ही अट. खर्च कमी ठेवायचा असेल तर इग्नूचं एमबीए आहे, दोन वर्षांचं, चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं.

वेळेचा हिशेब मात्र सगळ्यांचाच चुकतो, माझाही चुकला. रोज दोन तास असं ठरवलं होतं. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि येतं ते भलत्याच वेळी. पाण्याच्या दिवशी अभ्यास शून्य. कारखान्यातली पाळी बदलली की पहिले दोन दिवस डोळे मिटतात. म्हणून त्या बारा आठवड्यांत मी खरे झालेले तास कॅलेंडरवर लिहिले. आठवड्याला साडेआठ निघाले. एका वेळी किती विषय पेलतील, ते मी त्या साडेआठ तासांवरूनच ठरवलं.

नोकरी बदलायचा किंवा सोडायचा विचार असेल, तर ग्रॅच्युइटीची तारीख बघा. नोकरी सोडताना मिळणारी ही रक्कम अशी : पाच वर्षं पूर्ण झाली की मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. मूळ पगार चोवीस हजार धरला, तर पाच वर्षांचे ६९,२३० रुपये होतात. मी तेव्हा चार वर्षं आठ महिन्यांवर होते. चार महिन्यांसाठी एवढी रक्कम सोडणं मला बरोबर वाटलं नाही. शैक्षणिक कर्ज घेतलंत तर व्याजावर आयकरात सवलत आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या कर पद्धतीत.

शेवटी शेठशी बोलणं. त्यांनी फी भरायची तयारी दाखवली, बदल्यात तीन वर्षं सोडून न जाण्याचं लिहून मागितलं. मला ते नको होतं. मी फी स्वतः भरते असं सांगितलं आणि दोनच गोष्टी लेखी मागितल्या : परीक्षेच्या आठवड्यात रात्रपाळी नको, आणि प्रोजेक्टसाठी रंगणी विभागाच्या नोंदी वापरायची परवानगी. दुसऱ्या दिवशी सहीचा कागद माझ्या टेबलावर होता.