बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीआधी पोटात गोळा आला तर

वजन कमी करण्याच्या या ऑपरेशनची तारीख मिळाली की झोप उडते, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलं की उरलीसुरलीही जाते. त्यापेक्षा एक वही घ्या. मनात येईल तो प्रश्न, कितीही बावळट वाटला तरी लिहा: "मध्येच जाग आली तर?" "पुरणपोळी पुन्हा कधी?" ही वही सर्जनइतकीच भूलतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांनाही दाखवा. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रोजच्या गोळ्या, तंबाखू, यातलं काहीही लपवू नका.

वर्षभरापूर्वी हीच सर्जरी झालेल्या कुणाशी बोलता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. 'स्लीव्ह' या प्रकारच्या सर्जरीत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात हे कागदावर वाचणं वेगळं, आणि "सुरुवातीला पाणीसुद्धा घोटघोट प्यायले" हे समोरच्या बाईकडून ऐकणं वेगळं.

घरात सगळ्यांना सांगायची गरज नाही. "जरा भात सोड, रोज चाल, कापाकापी कशाला" म्हणणारी एखादी मावशी असतेच. एकच भक्कम माणूस निवडा आणि त्याला आहारतज्ज्ञांकडे सोबत न्या. ऑपरेशनआधी बऱ्याचदा दोनेक आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात, तो यकृत आकसून दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून. हे त्याला कळलं की तो तुमच्यासमोर वडापाव खाणार नाही. (निदान लपून खाईल.)

सतत रडू येत असेल किंवा रात्री उठून खाणं होत असेल, तर ऑपरेशन पुढे ढकलतील या भीतीने गप्प बसू नका. समुपदेशकांना ते आधीच सांगा.