जपानी कॅसेटवर ‘ड्रॅगन बॉल झी: सुपर बुतोदेन 2’ कसा खेळावा

कार्टून नेटवर्कवर हिंदीतून ‘ड्रॅगन बॉल झी’चा नायक गोकू पाहिलेल्यांपैकी कित्येकांना सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी कन्सोलवरच्या त्याच्या गेम्सचा पत्ताच नव्हता. आपल्याकडे तेव्हा चालायचे ते आठ-बिटचे नकली व्हिडिओ गेम. ती राहिलेली हौस मूळ कन्सोलवर भागवायची असेल, तर हे वाचा.

आधी गेम ठरवा. बांदाई या जपानी कंपनीने या मालिकेवर ढीगभर गेम काढले. त्यातले बरेच पत्त्यांच्या लढाईचे आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेण्याचे गेम. ‘सुपर साइया देन्सेत्सु’ (1992) चांगलाच आहे, पण पडद्यावर जपानी मजकूर इतका, की भाषा येत नसेल तर तासाभरात कंटाळा येईल. मारामारीच्या गेमला वाचायची गरज कमी. ‘सुपर बुतोदेन’ मार्च 1993 मध्ये आला आणि दुसरा भाग त्याच डिसेंबरात. दुसऱ्यापासूनच सुरुवात करा, तो जास्त चपळ आहे. एकच गंमत: नायक गोकू सुरुवातीला निवडताच येत नाही. तो आणि खलनायक ब्रॉली दोघेही लपवलेले आहेत.

कॅसेट जपानमधल्या जुन्या मालाच्या दुकानांत मिळते. टोकियोच्या अकिहाबाराला किंवा ओसाकाच्या देनदेन टाउनला कुणी ओळखीचं जाणार असेल तर उत्तम. ऑनलाइन घेताना वर्णनात ‘जंक’ लिहिलं असेल, तर चालेल की नाही याची हमी नाही असं धरून चाला. लेबलावर ‘एसएचव्हीसी’ने (SHVC) सुरू होणारा क्रमांक हवा. छपाई फिकट किंवा धुरकट दिसली तर नकली असण्याची शंका घ्या.

कन्सोल घेताना जपानी सुपर फॅमिकॉमच घ्या. याच कन्सोलच्या अमेरिकन यंत्राच्या खाचेत दोन प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या जपानी कॅसेटला आत जाऊ देत नाहीत. युरोपीय यंत्रात तर लॉकआउट चिपच (बाहेरच्या कॅसेट अडवणारी चिप) वेगळी.

आता सगळ्यात महत्त्वाचं: वीज. जपानमध्ये घरात 100 व्होल्ट येतात, आपल्याकडे 230. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर थेट आपल्या सॉकेटला लावला तर तो जळेल. 230 चे 100 करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. दुकानदार ‘हा लावा, चालतो’ म्हणून दुसरा अ‍ॅडॉप्टर पुढे करेल. त्यावर 10 व्होल्ट डीसी, 850 मिलिअँपिअर आणि आतली पिन ऋण, हे तिन्ही तपासल्याशिवाय घेऊ नका. आपल्या बाजारात बहुतेक अ‍ॅडॉप्टरची आतली पिन धन असते.

टीव्हीला जोडायला पिवळी-पांढरी-लाल एव्ही केबल वापरा. नव्या टीव्हीला ती जागा नसेल तर एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल आणि टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर ठोसा उशिरा पडतो. चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये एनटीएससी (जपानमधली चित्राची पद्धत) निवडा.

पडदा कोराच राहिला तर कॅसेटमध्ये फुंकर मारायची आपली जुनी सवय आवरा. थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सोनेरी पट्ट्या हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, मग लावा.

खेळताना वाय म्हणजे ठोसा, बी म्हणजे लाथ, ए म्हणजे ऊर्जेचा गोळा. एक्सने आकाशात जा किंवा खाली या. वाय आणि बी एकत्र धरून ठेवले की ‘की’, म्हणजे लढवय्याच्या अंगातली ऊर्जा, भरते. नवे खेळाडू अंगाला अंग लावून ठोसे मारत बसतात आणि इथेच चुकतात. दोघे लांब गेले की पडदा दोन भागांत फाटतो; या मालिकेची खरी मजा तिथे आहे. लांब पळा, ‘की’ भरा, मोठा हल्ला सोडा. मग कॅमेरा त्या झोताबरोबर धावतो, आणि समोरच्याला तो अडवायची किंवा आपला झोत सोडून भिडवायची संधी मिळते. दोन माणसांनी खेळलात तर या क्षणी घरात आरडाओरडा ठरलेला.

हात बसला की तिसरा भाग (1994) घ्या, पण त्यात कथेचा मोड नाही. मित्र शेजारी बसणार असेल तरच पैसे घाला. एकटेच असाल तर 1996 चा ‘हायपर डायमेन्शन’ बघा. मात्र त्यात पडदा फाटत नाही.