थंडीत बाग सांभाळताना या चुका टाळा

थंडी पडली की माळ्याला काम उरत नाही, असा एक समज आहे. काम तेवढंच असतं, त्याच्या वेळा बदलतात. पाणी सकाळी उशिरा, खोदकाम वाफसा आल्यावर (म्हणजे माती ना चिखल ना कोरडीठाक असताना), मोठी छाटणी थंडी सरताना आणि संध्याकाळी आभाळाकडे एक नजर. उन्हाळ्यातला हात तसाच चालू ठेवला की बाग बिघडते.

रोजची झारी

कुंडीतलं झाड गेलं की लोक थंडीला दोष देतात. आधी कुंडी पालथी करून बघा.

जास्वंद घ्या. उन्हाळ्यात तिला रोज एक झारी लागायची. आता दिवस लहान, ऊन कोवळं, माती गार. पानांतून पाणी कमी उडतं आणि गार मातीत मुळंही सावकाश पाणी ओढतात. झारी मात्र रोजची रोज. काही दिवसांनी खालची पानं पिवळी पडतात, शेंडे मान टाकतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून आणखी पाणी. त्यात मातीचा वरचा अर्धा इंच वाऱ्याने सुकलेला असतो, त्यामुळे फसगत पक्की होते. कुंडी पालथी केली की खालून काळी, चिकट, नासका वास मारणारी माती निघते. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी सुटून येते आणि हातात नुसता दोरा राहतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि पिथियम, फायटोप्थोरासारख्या मुळं कुजवणाऱ्या, बुरशीसारख्या जंतूंना रान मोकळं मिळतं. अशा झाडाला कितीही पाणी घाला, ते ओढायला मूळच उरलेलं नसतं.

यावर साधी सवय लावून घ्या. बोट दोन पेरं आत खुपसा. ओलं लागलं तर झारी खाली ठेवा. कुंडी उचलण्याजोगी असेल तर उचलून बघा, थोड्याच दिवसांत वजनावरून अंदाज येतो. पाणी सकाळी नऊ-दहानंतर द्यावं, म्हणजे रात्रीपर्यंत पानं आणि खोड कोरडं होतं. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. मुळं कुजलीच असतील तर काळी मुळं कापा, मुळांच्या मानाने लहान कुंडी घ्या, निचऱ्याचं नवं मिश्रण भरा आणि नवीन फूट दिसेपर्यंत खत देऊ नका. ‘दर तीन दिवसांनी पाणी’ छापाच्या तक्त्यांच्या नादी लागू नका. कुंडी मातीची की प्लास्टिकची, ऊन किती तास, वारा किती, यावर पाणी ठरतं, आणि हे तक्त्याला कळत नाही.

खोडाला बांधलेलं प्लास्टिक

दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडणार म्हटलं की झाडाच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून खोडाशी सुतळीने आवळतात. दिसायला बंदोबस्त चोख, पण ऊब येते ती जमिनीतून. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती सोडत असते, आणि खोडाशी आवळलेली पिशवी नेमकी तीच वाट बंद करते. वर जिथे जिथे प्लास्टिक पानाला चिकटतं तिथे पान गोठतं. सकाळी पिशवी काढली की त्याच आकाराचे करपलेले डाग दिसतात.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला तर हवा 3-4 अंशांवर असतानाही जमिनीलगतची पानं शून्याखाली जाऊ शकतात. सगळ्यात कडक वेळ सूर्योदयाच्या आसपासची. म्हणून चार काठ्या रोवा, त्यांवर जुनी चादर किंवा गोणपाट टाका, कडा जमिनीपर्यंत आणा आणि दगड ठेवा. माती कोरडीठाक असेल तर आदल्या दिवशी दुपारी आळ्यात बेताचं पाणी द्या, कारण ओलसर जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. ऊन वर आलं की झाकण काढायचंच. ते तसंच ठेवणाऱ्यांच्या झाडांवर भुरी आणि करपा वस्तीला येतात.

एवढं करूनही शेंडे काळे पडले तर लगेच कात्री घेऊन धावू नका. ते मेलेले शेंडे खालच्या डोळ्यांवर, म्हणजे नवी फूट निघते त्या कोंबांवर, पांघरूण धरतात, शिवाय छाटल्यावर येणारी कोवळी फूट पुढच्या थंडीत जळते. थंडी सरू द्या. मग अंगठ्याच्या नखाने साल खरवडत खाली या, आत हिरवं लागेल तिथे थांबा आणि बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर पाव इंच सोडून तिरका काप घ्या.

कात्री हा वेगळा दुखरा विषय आहे. बोथट सिकेटर फांदी चिरडतं आणि चिरडलेल्या जागेतून रोग शिरतो. धार लावताना निमुळती बाजू तेवढी दगडावर घासायची, सपाट बाजूवर दगड फक्त एकदा आडवा फिरवायचा. रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती 70 टक्क्यांच्या स्पिरिटने पुसा. याला काही सेकंद लागतात, तरी कंटाळा करतात याचं वाईट वाटतं.

बाकीचं थोडक्यात. मूठभर माती दाबल्यावर गोळा तसाच राहिला, बोटाने टिचकी मारूनही फुटला नाही, तर वाफसा आलेला नाही. कुदळ उचलू नका, ओली चिकण माती खणली की ढेकळं दगड होतात. ऐन थंडीत युरिया नको. पालापाचोळ्याचं आच्छादन खोडापासून चार बोटं लांब ठेवा. दहिवर पडलेल्या हिरवळीवरून चालू नका, गोठलेली पाती मोडतात आणि पावलांचे ठसे काळे पडून राहतात. पाणी गोठतं अशा ठिकाणी पाइप रात्री रिकामा करून गुंडाळा.

आणि टोमॅटो-मिरचीचं बी गार मातीत टाकून आठव्या दिवशी उकरून बघणाऱ्यांनी जरा दम धरावा. त्याला साधारण 20 ते 30 अंशांची ऊब लागते. ती नसली तर ओल्या मातीत बी नुसतं पडून राहतं, फुगतं आणि कुजतं. ट्रे उबदार जागी ठेवा आणि रोपं बाहेर लावण्याआधी सात ते दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर काढून सरावाला लावा.